कोलार रोडवरचं चुन्याचं घर

हसणार नसाल तरच सांगतो. म्हणजे हसालच, ते मला माहीत आहे, पण निदान चहाचा कप आधी खाली ठेवा. असा घोळ माणूस आयुष्यात एकदाच घालतो आणि तो त्याला आयुष्यभर पुरतो.

पुण्याहून माझी भोपाळला बदली झाली, तेव्हाची गोष्ट. मुलीचं दहावीचं वर्ष, म्हणून बायको आणि मुलगी पुण्यातच. मी इथं साकेत नगरात भाड्याच्या एका खोलीत. काम म्हणाल तर सरकारी हाउसिंग खात्यात घरांचे, वसाहतींचे आराखडे काढायचे. ओळखीपाळखी म्हणाल तर शून्य!

आणि आल्या आल्या काम पण असं मिळालं की छाती फुगावी. कोलार रोडला तर रोज एक नवी कॉलनी उगवते. पण हे शहर जे चालवतात, त्या नर्सेस, वॉर्डबॉय, लॅबवाले, ड्रायव्हर, त्यांना तिथं घर परवडतं का? छे! म्हणून त्यांच्यासाठी स्वस्त घरांची योजना निघाली. पहिली वसाहत एका हॉस्पिटलच्या स्टाफसाठी, आणि आराखडा माझ्याकडे.

मी केला आराखडा. असा आराखडा की काय विचारता! माझं एक लाडकं तत्त्व आहे: पॅसेज म्हणजे वाया गेलेली जागा. एक वीतभर पॅसेज ठेवला नाही मी. दारातून हॉल, हॉलमधून निजायची खोली, आणि त्या खोलीतूनच पुढे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वाचलेली सगळी जागा हॉलला. कागदावर हॉल कसा ऐसपैस दिसत होता! मी तर रोज उघडून बघत असे.

आमचे तिवारी साहेब मोजकं बोलणारे. त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "सबनीस जी, सुंदर है. जो रहेंगे, उनसे पूछा?"

"पूछ लेंगे सर."

"सोमवार तक पूछ लीजिए. फिर ये ऊपर जाएगा. और ऊपर गई हुई चीज में खिड़की भी नहीं सरकती."

स्टाफच्या वतीनं माझ्याशी बोलायच्या त्या रेखा सिस्टर. मी त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर, मेरी तो एक ही बात है. नाइट ड्यूटी करके आती हूँ तो दिन में सोना पड़ता है. अभी एक कमरा है. सास-ससुर, बच्चे, सब मुझे लाँघ के निकलते हैं. बस, सोने की एक जगह मिल जाए."

आवाज इतका थकलेला होता की मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "सिस्टर, रविवार को घर दिखाता हूँ. खुद चलके देखिए. मैं ग्रुप पे मैसेज डालता हूँ."

आता तुम्ही म्हणाल, घर बांधलेलंच नाही तर दाखवणार काय? अहो, तीच तर माझी आयडिया! कागदावरचा नकाशा बघून लोक मान डोलावतात आणि कुणाला काही कळत नाही. म्हणून कोलार रोडच्या आमच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर खऱ्या मापात आखायचं. भिंती चुन्याच्या, दारं मोकळी सोडलेली. लोकांनी आत शिरावं, फिरावं, आणि सांगावं काय चुकतंय ते.

मेसेज टाकला: "रविवार सुबह आठ बजे घर देखने सपरिवार पधारें. चाय-नाश्ता रहेगा." खाली जागेचा पत्ता.

फोनमध्ये माझे दोनच मोठे ग्रुप. एक हॉस्पिटलच्या स्टाफचा. दुसरा मराठी मंडळाचा, ज्यात घरमालकांनी मला आल्या आल्या घुसवून दिलं होतं आणि ज्यातलं एकही माणूस मी पाहिलेलं नव्हतं. दोन्हींवर गणपतीचा फोटो. बोट कुठे पडलं, हे सांगायला हवं का?

तुम्हाला कळलं. मला सोमवारपर्यंत कळलं नाही! उत्तरांत नुसते जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ येत होते. मी मनात म्हटलं, वा! सरकारी योजनेला इतका प्रतिसाद? आणि फोन खिशात टाकून चुना आणायला गेलो.

रविवारी सकाळी घर तयार. पांढऱ्या शुभ्र रेघा, मध्ये मी, बाजूला पोहे-जलेबीचं पातेलं. आणि गाड्या येऊन थांबायला लागल्या. पण उतरतायत कोण? जरीच्या साड्या, झब्बे, अत्तराचा वास. हातात नारळ, फुलं. माझा जरा गोंधळ उडाला. पण म्हटलं, इकडची पद्धत असेल. हक्काच्या घराची पहिली झलक, माणूस नटणारच.

सगळ्यात पुढे एक सत्तरीचे गृहस्थ. "मी मुळे. ग्वाल्हेरचे आम्ही. आणि ही आमची ही." काकूंनी आल्या आल्या चपला चुन्याच्या दाराबाहेर काढल्या. झालं, मागच्या सगळ्यांनी काढल्या. एका काकांनी चुकून भिंत ओलांडून हॉलमध्ये पाय टाकला तर चारी बाजूंनी ओरडा, "अहो, दारातून या, दारातून!" ते बिचारे ओशाळून परत गेले आणि दारातून आले.

मला तर भरून आलं. लोकांनी माझा नकाशा खरा मानला होता!

आणि सगळे मराठीच. मी म्हटलं, हॉस्पिटलात आपली इतकी माणसं? ऊर अभिमानानं भरून आला. मी काकूंना विचारलं, "आपण कुठल्या वॉर्डात?"

"वॉर्ड?" काकू विचारात पडल्या. "ते बाई आम्हाला इलेक्शनच्या वेळीच कळतं."

मी काकांकडे वळलो. "आणि तुम्हाला नाइट ड्यूटी असते का हो?"

काका गंभीर झाले. "आता या वयात... दोन-तीनदा उठावं लागतं. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला काहीच कळेना. पण असं आहे बघा, अधिकारी माणसानं न कळल्याचं दाखवायचं नसतं. मी मान डोलावली आणि मुद्द्यावर आलो. "बघा हं, हा हॉल. ही निजायची खोली. पलीकडे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर."

"बरं... आणि बाकीचं?" काकांनी विचारलं.

"बाकीचं काय? झालं की घर!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मागच्या बाईंकडे. मग काका एकदम उत्साहानं म्हणाले, "बढिया! एकदम सुटसुटीत!"

"झाडायला सोप्पं," काकू म्हणाल्या.

"राहणार किती जण?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाच धरलेत. सासू-सासरे असतातच ना!"

"पाच!" काकूंचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. "आणि बायको? आली का भोपाळला?"

हा प्रश्न मला जरा खासगी वाटला, पण मायेनं विचारलेला. मी म्हटलं, "नाही, पुण्यालाच आहे. इथं मी साकेत नगरात एका खोलीत राहतो. घराचं बघू म्हणतो, मग आणीन." आता हे मी साधं, खरं उत्तर दिलं. पण काकूंचे डोळे का भरले? मला काही उलगडेना.

मग एका बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. कुणी भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. मी दोन पावलं मागे! "नाही नाही, हे मी घेऊ शकत नाही. मला चालत नाही!" सरकारी नोकर आहे मी, लोकांकडून भेटी घेऊन उद्या नोकरी घालवू?

"घ्या हो, आपलंच समजून."

"माफ करा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

तेवढ्यात गर्दीतून कुजबूज ऐकू आली. "बघा, परिस्थिती अशी, पण स्वाभिमान केवढा!" कुणाबद्दल चाललंय हे बघायला मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

मग काकूंनी नारळ काढला. "फोडा. तुमच्याच हातानं फोडा." मी बावचळलो. म्हटलं, मी कशाला, तुम्ही फोडा, घर तुमचं! "असं म्हणायला मन मोठं लागतं," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. शेवटी हॉलच्या मधोमध दगडावर मीच नारळ फोडला. पाणी निजायच्या खोलीच्या भिंतीवर उडालं आणि भिंत वाहून गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी शेवटचा सवाल केला. अगदी कळकळीनं, हं! "मोकळेपणानं सांगा. काही बदलायला हवंय? कुणाची काही तक्रार?"

सगळे एका सुरात, "काही नाही! छान आहे! अगदी छान!"

झालं! पोहे संपले, जलेबी संपली, आणि मंडळी हळहळल्यासारख्या चेहऱ्यानं गाड्यांत बसून गेली. रेखा सिस्टर कुठे दिसल्या नाहीत एवढंच मनाला लागलं. पण म्हटलं, ड्यूटी असेल. बाकी सगळे खूश, म्हणजे त्याही असणारच.

सोमवारी ऑफिसात शिरलो तो तरंगतच. साहेबांना उभ्या उभ्या सांगितलं, "सर, पूछ लिया. सब के सब खुश. एक भी शिकायत नहीं."

"एक भी नहीं?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मेरी शादी में भी दो लोग नाराज थे, सबनीस जी."

मी हसलो आणि नकाशा वर पाठवायच्या तयारीला लागलो. तेवढ्यात फोन. रेखा सिस्टर. "सर, आप मैसेज डालने वाले थे ना? हम सब संडे को राह देखते रहे."

"मैसेज तो डाला था! आप लोग आए भी थे!"

"कौन आए थे सर?"

मी ग्रुप उघडला. आणि तोंडचं पाणी पळालं. फुलांच्या गुच्छांच्या खाली, रविवारी दुपारनंतर, काय काय लिहिलेलं होतं! 'सबनीसांसाठी काहीतरी करायला हवं.' 'जुनं कपाट आमच्याकडे आहे.' 'पाच माणसं आणि एक खोली, देवा!' आणि सर्वांत खाली मुळे काका: 'मी उद्याच हाउसिंगच्या साहेबांना भेटतो.'

उद्या म्हणजे आज! मी खुर्चीतून उठलो, आणि चपराशी दारात. "सर, साहब बुला रहे हैं."

साहेबांच्या खोलीत मुळे काका, मुळे काकू आणि मंडळाची आणखी दोन माणसं. मला पाहून काकांचा चेहरा उजळला. "अरे वा! तुम्हीपण अर्ज घेऊन आलात का? साहेब, यही हैं. यही वो सबनीस हैं!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण डोळे! डोळ्यांत दिवाळी चालली होती. "बैठिए सबनीस जी. आपके बारे में ही बात हो रही है. हाँ मुळे जी, फिर से बताइए. घर कैसा था?"

"घर क्या साहेब," काका कळवळून म्हणाले, "कबूतरखाना! बेचारे ने कहीं से एवढीशी जमीन ली, आखणी केली. हम लोग भूमिपूजन को गए थे. मुँह पे कौन बोले? आदमी दुखी होता है."

"मुझे खुल के बताइए," साहेब म्हणाले. "क्या क्या खराबी थी?"

आणि मग काकू सुटल्या. "साहेब, निजायच्या खोलीतून रस्ता! न्हाणीत जायचं, खोलीतून. पाणी प्यायचं, खोलीतून. दिवसा घरात कुणी आजारी, कुणी थकलेलं झोपलं असेल, तर सगळं घर त्याच्या अंगावरून जाणार. हॉल केवढा थोरला, पण त्यात करायचं काय? नाच? ज्यानं नकाशा काढला त्याच्या घरी कुणी दिवसा झोपत नसेल!"

मला फोनवरचं ते वाक्य आठवलं: 'सब मुझे लाँघ के निकलते हैं.' रेखा सिस्टरनी जे एकच मागितलं होतं, तेच मी मोठ्या हौसेनं पुन्हा आखून ठेवलं होतं, नव्या कोऱ्या चुन्यात. खरं सांगतो, त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली.

"इनको आपकी कोलार वाली स्कीम में घर दे दीजिए," काका हात जोडून म्हणाले. "आपके इंजिनियर तो ऐसा नहीं बनाएँगे."

"बिलकुल नहीं बनाएँगे," साहेब म्हणाले, अगदी संथपणे, माझ्याकडे बघत. "पॅसेज आएगा. सोने का कमरा पीछे जाएगा, अलग. आज ही. क्यों सबनीस जी, ठीक रहेगा?"

"जी सर," मी म्हटलं. आवाज कुठून निघाला ते देव जाणे.

"और वो नक्शा बनाने वाले को मैं आज अच्छे से देखता हूँ."

मंडळी समाधानानं उठली. मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेलो. आता सांगायला हवं होतं, कबूल! तोंड उघडलं देखील. पण काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "परेशान होऊ नका. साहेब भला माणूस आहे, तुमचं काम होणार. पण एक सांगा, तुम्ही एवढे शिकलेले, आणि तो नकाशा काढायला तुम्ही कुठल्या गाढवाकडे गेला होतात?"

मी म्हटलं, "काका, आमच्या घरातलाच आहे. काय बोलणार?"