राणीच्या नावापुढची ओळ

नातीच्या जाडजूड पुस्तकाला नव्या शाईचा वास येतो. एका जादूच्या राज्याच्या कादंबऱ्या तिने वाचून संपवल्या आणि आता त्या राज्याचे नकाशे, राक्षस, राजघराणी उलगडून सांगणारं हे वेगळं पुस्तक आणलं. तिला ते नवलाचं वाटतं. मला मात्र असंच एक जुनं पुस्तक आठवतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी डोणगावात नवी सून, चौथी शिकलेली. घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुपारी शेंगा फोडायला बसलो की मी तिला आणि सासूबाईंना एक जादूची कादंबरी वाचून दाखवी. राणीला दिवस गेले, तिथं दुसरा भाग संपला. तिसरा भाग मेहकरच्या वाचनालयातून कुणी नेला होता, तो परत आलाच नव्हता. सासूबाई घाबरल्या. गर्भारशीपुढे सुरू केलेली गोष्ट बाळंतपणाआधी पुरी झालीच पाहिजे, अशी त्या घरची रीत. शेवटी आमच्या ह्यांनी त्याच वाचनालयातून त्या कादंबरीचा कोश आणला. त्यात प्रत्येक पात्राचं पुढं काय होतं ते दिलं होतं.

मी राणीचं पान काढलं. ‘प्रसूतीत मरण पावली,’ एवढंच.

“काऊन थांबली वं वयनी?” नणंद म्हणाली. “मेली का काय तुही राणी?”

“मरते कायले? पोरगी झाली तिले. दोघी खुशाल हायेत.”

“कुठं लेहलं? दाखव बरं.”

मी दाखवलं. तिनं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं, हसली, आणि दुसरा हात पोटावरून फिरवला. ते बोट मला अजून दिसतं.

ती सुटली, पण फार अडून. मी चुलीपाशी पाणी तापवत होते आणि मला एकाही देवाचं नाव आठवत नव्हतं. मुलगी झाली. वाटलं, संपलं. पण बारशाला नणंदेनं नाव ठेवलं ते राणीचं. “मोठ्या नशिबाची राणी हाय ते,” आल्यागेल्याला सांगत होती. मी पाळण्याची दोरी ओढत राहिले.

पुढे त्या भाचीला दिवस गेले, तेव्हा ती सुटेपर्यंत मला घास गोड लागला नाही. आता तिच्या सुनांचीही बाळंतपणं झाली. नणंद म्हातारपणानं गेली. तो कोश आज कुणाला ठाऊकही नसेल. ती राणी खरी नव्हती, ते राज्य खरं नव्हतं, हे मला कळतं. तरी परवा भाचीचा फोन आला, पलीकडून तिनं आपलं नाव सांगितलं, आणि मी आधी विचारलं, “बरी हायेस ना वं?”