एका मूत्रपिंडावरचं तळं

तळ्याबद्दलचं एक वाक्य झाशीत माझ्या नावावर सांगितलं जातं. ते माझं नाही, एवढं लिहून ठेवायचं आहे. पण तेवढ्यानं मी सुटत नाही.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. गावाचा नाला तळ्याला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना पाणकणसाचं दाट रान होतं. इकडे त्याला पटेर म्हणतात. नाल्याची घाण त्याच्या मुळांत अडायची आणि पुढे पाणी निवळ व्हायचं. त्या पाण्यात एक ढीमर, म्हणजे इकडच्या भोई समाजातली, बाई शिंगाड्याच्या वेली लावायची. तिचं घर त्यावरच चालायचं. रान कापून बाग करायचं कलेक्टरसाहेबांनी ठरवलं, तेव्हा ती माझ्या दारात आली.

"मास्साब, साहब खों समझा दियो. हमाई बेलें मर जैहें."

नाल्याच्या आणि तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन मी सिविल लाइंसमधल्या बंगल्यावर गेलो. साहेब इंजिनियर आणि बाबू लोकांत बसले होते, घाईत होते.

"लेक्चर नहीं मास्साब, एक लाइन में बताइए."

वाक्य मी घरूनच घोकून आणलं होतं. "साहब, ये पटेर तालाब की किडनी है."

"किडनी तो दो होती हैं," साहेब म्हणाले. "आदमी एक पर भी जी लेता है."

खोली हसली. इंजिनियर म्हणाले, "तो एक तरफ़ की काट देते हैं. मास्साब की बात भी रह गई!"

मीही हसलो, चांगला मोठ्यानं. आमचे पूर्वज इथे कारभारी म्हणून आले. वरचा हसला की आपण हसायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. एका मूत्रपिंडावर जगणाऱ्याला कुणी रोज वाढतं विष पाजत नाही, हे तिथेच सांगायला हवं होतं. बाटल्या पिशवीतच राहिल्या.

घरी बायकोनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"हसलो."

"म्हणजे हो म्हणालात," ती म्हणाली आणि आत गेली.

एका बाजूचं रान गेलं. नाल्यानं मोकळी बाजू धरली. आधी वास आला. मग पाणकोंबड्या दिसेनाशा झाल्या. उरलेलं पटेर हिरवंगार उभं, आणि त्याच्या शेजारून काळं पाणी आत सरकत होतं. शिंगाड्याची पानं काठाकडून सडत गेली. एका सकाळी मासे उलटे तरंगत होते, आणि त्यांवर एक कावळासुद्धा उतरला नव्हता. ती बाई मला काठावर दिसली. लांबूनच "राम-राम मास्साब" म्हणाली. पुढे ती बडा बाजारात कुणाकडे भांडी घासते, असं कळलं.

साहेबांनी ऐकलंच नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. तळ्यासाठी झगडणारा माणूस म्हणून माझा सत्कारही झाला.

गेल्या महिन्यात नव्या साहेबांनी बोलावलं. आता उरलेलं पटेर काढून गाड्या लावायला जागा करायची आहे. मी पुन्हा बाटल्या नेल्या होत्या. ते अदबीनं म्हणाले, "मास्साब, आप ही ने तो कहा था, तालाब एक किडनी पर जी लेता है. पटेर जाएगा तो मशीन लगा देंगे."

"वो मैंने नहीं कहा था."

"तो आपने क्या कहा था?"

त्या दिवशीच्या खोलीतला आता मी एकटाच उरलो आहे.

"मैं हँसा था, साहब."

त्यांना वाटलं, मी विनोद केला. ते हसले, आणि खोलीही हसली.