चुकीच्या वेळेवर नाचणारी माणसं

ठाण्याच्या नौपाड्यातले प्रभाकर टिल्लू बँकेतून निवृत्त झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले. इमारतीच्या स्पीकरवरून ते रोज सांगायचे, "पाणी अकरा वाजता बंद होईल. बादल्या भरून ठेवा." वरच्या मजल्यावर राहणाऱ्या विकी आणि समृद्धी या डीजे बहीणभावांनी ते रेकॉर्ड केलं आणि त्याच दोन वाक्यांवर आठ गाण्यांचा रिमिक्स अल्बम काढला. पार शहाडपर्यंत हळदीत तो वाजू लागला.

टिल्लूंनी अल्बम खुर्चीत ताठ बसून पूर्ण ऐकला आणि ते वर गेले.

"सॉरी काका, आधी विचारायला हवं होतं," समृद्धी म्हणाली.

"ते राहू दे गं. पाणी आता साडेदहाला जातं. लोक चुकीच्या माहितीवर नाचतायत!"

विकीला हसू आलं, टिल्लूंना नाही. पुढच्या रविवारी ते स्वतः शहाडच्या एका हळदीला गेले, तिथे गाणी वाजवणाऱ्या विकीच्या हातातून माइक घेतला आणि खणखणीत आवाजात दुरुस्ती सांगितली. नाचणारे तीनशे लोक थबकले. मग सगळे एकदम ओरडले, "वन्स मोअर!"

बँकेत चौतीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. टिल्लूंनी घसा साफ केला आणि कुणाचं ऐकायचं राहिलं असेल म्हणून सगळं सावकाश पुन्हा सांगितलं.