रंभाबाईंनी फोनवर घेतलेलं नाव

सन अडतीसची गोष्ट. पुष्पलताला बघायला कुही गावची मंडळी उद्या यायची, ती आजच दुपारी ओट्यावर हजर! मुलाचे वडील म्हणाले, "पोरीच्या बापाशी बोलल्याबिगर आम्ही चहा घेत नाही. अन् पाचच्या गाडीनं तं जानंच हाय."

पुष्पलताच्या आईनं, रंभाबाईंनी, त्यांना ओट्यावरच बसवलं. नवरा पार स्टेशनापलीकडे, कापसाच्या पेढीत कारकून. असं स्थळ हातचं गेलं तर? त्या धावतच शेजारच्या इंदुताई वकिलीणबाईंकडे गेल्या. धरमपेठेतल्या त्या गल्लीत फोन असलेलं घर तेवढं एकच.

पेढीचा नंबर कॅलेंडरवर छापलेला होता. इंदुताईंनी तो लावून दिला आणि नळी रंभाबाईंच्या हातात कोंबली. पलीकडून पुरुषाचा आवाज आला तशी बाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

"आमच्या ह्यांले बोलवा जी."

"कोनाचे हे?" हेडक्लार्क वामनराव खेकसले. "इथं चौदा जन बसून राहिले, सारेच कोनाचे ना कोनाचे हे!"

"पुष्पाचे बाबा."

"नाव सांगा बाई, नाही तं ठेवतो."

आता आली का पंचाईत! लग्नाला बावीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव नुसतं कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी केविलवाणं इंदुताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मला कुठं ठाऊक? तुम्ही कधी सांगितलंत?"

घड्याळात पावणेचार. रंभाबाईंनी डोळे मिटले, घसा खाकरला आणि उखाणाच ठोकला:

"काळ्या नळीत बोलते, पदर घेऊन डोक्यावर,
रुपरावांना धाडा लवकर, पाहुणे बसले ओट्यावर!"

वामनरावांना एक खोड होती. फोनवरचा निरोप ते मोठ्यानं म्हणत म्हणत कागदावर उतरवून घेत. तेव्हा पदरासकट सगळा उखाणा त्यांच्याच जाड आवाजात पेढीभर घुमला. बाकीचे तेराही कारकून टेबलं बडवायला लागले. इकडे इंदुताई पोट धरून खुर्चीत कोसळल्या.

रुपराव लाजून लाल झाले असतील. धापा टाकत ते फोनवर आले आणि घाईत, गोंधळात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रंभे! निघालो मी!"

रंभे! अगं बाई, बावीस वर्षांत नुसतं 'अवं' आणि 'पुष्पाची माय'. बाईंनी नळी कानाशी आणखी घट्ट धरली. ऐकू तर लख्ख आलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "काय म्हनलं जी? ऐकू नाही येऊन राहिलं!"

"रंभे, निघालो!"

"पुन्हा म्हना!"

"रंभेऽऽ!"

सायकल हाणत रुपराव साडेचारला दारात आले. व्याह्यांनी चहा घेतला, पोर पसंत केली आणि पाचची गाडी खुशाल जाऊ दिली.

त्या दिवसापासून रंभाबाईंचे कान बिघडले ते बिघडलेच. रुपरावांनी घरात 'अवं' म्हणावं, उत्तर नाही. 'पुष्पाची माय' म्हणावं, तरी नाही. मग ते इकडेतिकडे बघून हळूच नाव घेत, आणि स्वयंपाकघरातून लगेच उत्तर येई, "आली जी!"