दोन दातांमधली फट

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात, दातांच्या दवाखान्यात नाइफने तीस वर्षं दातांचे प्लास्टरचे साचे ओतले, तारा वळवल्या. आणि आता या वयात हातात माउस! तोंडात एक कांडी फिरवली की पडद्यावर बत्तीशी उभी राहते, आणि एक कळ दाबली की वर्षभरानंतरचे दात आजच दिसतात. जे अजून झालंच नाही ते दिसतं कसं, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना.

आज तर पडद्यावर त्याच्याच मुलीचे, अरीजचे दात होते. त्याने कळ दाबली आणि समोरच्या दोन दातांमधली फट मिटली.

"अहो डॉक्टर, चुकलंय हे मशीन!"

"नाही हो, अबू अरीज," डॉक्टर रुला हसल्या. अरीजचा बाप म्हणून सगळे त्याला याच नावाने हाक मारत. "फट म्हणजे दोषच धरतं ते. एकदा नीट बघा आणि द्या साचा छापायला पाठवून."

दोष? बायको म्हणून सबाहला बघून आल्यावर नाइफच्या आईने दारातूनच सांगितलं होतं, "पोरीच्या दातांत फट आहे रे, नशीब काढलंस!" सबाहला जाऊन चार वर्षं झाली. तिची ती फट आता फक्त अरीजच्या तोंडात उरली होती. मग खरं कोणाचं मानायचं, आईचं की या डबड्याचं?

डॉक्टर बाहेर गेल्या तसे त्याने माउसने ते दोन दात हळूच लांब सरकवले. पडद्यावर लाल खूण उमटली. "लाल हो नाहीतर हिरवा हो, मेल्या," तो पुटपुटला.

तेवढ्यात बाहेर थांबलेली अरीज चहा घेऊन आत आली. "बाबा, हे काय? मीच मिटवायला सांगितलीय ती."

"वेड लागलंय का तुला? अगं, तुझ्या आईची आठवण ती!"

"म्हणूनच."

"म्हणजे? मला कळेल असं बोल की."

"मी हसले की तुम्ही खिडकीकडे बघता, बाबा. चार वर्षं झाली. माझ्याकडे बघतच नाही."

"काहीतरीच! मी कुठे... कधी?"

त्याचा तो भांबावलेला चेहरा बघून अरीजला खुदकन हसू फुटलं. आणि नाइफची मान गेली की हो खिडकीकडे! बाहेर समोरच्या दुकानाचं बंद शटर, बाकी काही नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"परत हस बघू," तो म्हणाला.

"आता नाही येत, बाबा."

नाइफने माउस सोडला, खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली आणि तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत बसून राहिला.