एकशे अडतीस किलोचा जामीन

मी आर्णीच्या एका शाळेत बाबू आहे, म्हणजे लिपिक. माझं खरं वजन मला अडत्याच्या सोयाबीन मोजायच्या काट्यावर कळलं, कारण दवाखान्यातला काटा एकशे वीसच्या पुढे जातच नव्हता. एकशे अडतीस भरलो. हमालानं सवयीनं पोत्याचं वजन वजा करू का, असंही विचारलं.

शुगर होती, गुडघे गेले होते, आणि माझ्या घोरण्याला कंटाळून बायको मुलीच्या खोलीत झोपायला गेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सांगितलं. खर्च साडेतीन लाख. पोट मोठं करायलाही मला जवळपास तेवढेच लागले असतील.

विम्याचे हप्ते मी नऊ वर्षं भरत होतो. कंपनीचं पत्र आलं की हा उपचार सौंदर्यवर्धनात मोडतो, म्हणून पैसे मिळणार नाहीत. बायकोनं ते दोनदा वाचलं.

"सौंदर्य?" ती म्हणाली. "यायनं तुमाले पाह्यलं तरी आहे का?"

मग ती पाटल्या मोडायला निघाली. मी अडवलं. खाल्लं मी, भुर्दंड तिला कशाला? एक मुदत ठेव मोडली, त्यात लाखभर आले. उरलेल्यासाठी पतपेढीचा अर्ज आणला. कारणाच्या रकान्यात 'आजारपण' लिहिलं. अडलं ते दोन जामीनदारांवर.

आधी विज्ञानाच्या सरांकडे गेलो. माझ्या डब्यातला झुणका रोज अर्धा तेच खायचे.

"बाबू, वाईट नका वाटून घेऊ," ते म्हणाले, "पन तुम्ही टेबलावरच गेले, तर हप्ते माह्या पगारातून कटतीन."

हिशेब बरोबर होता, म्हणूनच जास्त लागला. मुख्याध्यापकांनी उपास सुचवला. चित्रकलेच्या मॅडमनी मेथीदाणे आणून दिले. आठवडाभरात स्टाफरूमनं मला सही सोडून सगळं दिलं, त्यात एक जुनी सायकलसुद्धा.

पीटीच्या सरांना मी विचारलंच नव्हतं. बारा वर्षं तो माणूस पोरांसमोर मला 'गोदाम' म्हणायचा. एका दुपारी तोच ऑफिसात आला.

"जामीनदार पाह्यजे म्हन्ते तुमाले. कुठं सही करू?"

"आधी वाचा तर," मी म्हणालो. "मी मेलो तर तुमाले भरा लागीन."

"भरीन ना बाप्पा. आता मेले तर तिरडीले आठ जन लागतीन. त्यापेक्षा हे सस्तं पडते."

सही करून तो खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, "माहा मोठा भाऊ असाच होता. झोपेतच गेला. मी त्याले लय हासत होतो. वाटे, लाज वाटली का कमी करीन."

मी चहा मागवला. त्यानं माझ्या कपातली साखर पाहिली आणि कप उचलून स्वतःच पिऊन टाकला.

दुसरी सही त्यानंच विज्ञानाच्या सरांकडून आणली. कशी, ते मी विचारलं नाही. सर मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस पातळ वरणाचं पाणी आणि ताक. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा भाऊ आलूबोंडा खात बसला होता, ते पाहून माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. नर्सला वाटलं टाके दुखतात.

आज वजन ब्याण्णव आहे. शुगरच्या गोळ्या तीनवरून एकीवर आल्या. पोटाची कातडी रिकाम्या थैलीसारखी लोंबते, म्हणजे सौंदर्याचा प्रश्न तर मिटलाच. पगारातून हप्ता जातो, अजून दोन वर्षं जाईल.

परवा यवतमाळहून एस.टी.नं येत होतो. पूर्वी माझ्या शेजारची अर्धी सीट रिकामी राहायची, लोक उभे राहणं पसंत करायचे. या वेळी एक म्हातारी थेट येऊन बसली.

"सरक ना रे जरासा," ती म्हणाली.

मी सरकलो. तिनं उकडलेल्या शेंगा काढल्या, मूठभर मलाही दिल्या. चार खाल्ल्या आणि पोट भरलं. बाकीच्या तिनं माझ्या हातातून परत घेतल्या आणि आर्णी येईपर्यंत टरफलं माझ्या चपलांवर टाकत राहिली.