दहशतवाद हा शब्द मी खोडला

सायबर गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांना कायद्याचा सल्ला देण्याचं काम मी नुकतंच घेतलं होतं. आठवड्यातून दोनदा नारायण पेठेतून स्कूटरने त्यांच्या कार्यालयात जायचं, कागद तपासायचे, परत यायचं. त्या सोमवारी सकाळी मात्र तपास अधिकाऱ्यांचा फोन आला, हातातलं सोडून या.

वारज्याच्या एका रुग्णालयातले सगळे संगणक बंद पडले होते. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली होती. पडद्यावर धमकी होती: तुरुंगातले आमचे लोक सोडा, नाहीतर उद्या दुसरं रुग्णालय. माग निघाला तो युरोपातल्या एका सर्व्हरपर्यंत, आणि तिथे कोण कधी शिरलं याच्या नोंदी काही दिवसांत आपोआप पुसल्या जाणार होत्या. परदेशातून पुरावा मागवायचा तर आपल्या कोर्टाचं विनंतीपत्र, मग दिल्लीचं गृहमंत्रालय, मग त्यांचं कोर्ट. त्यात महिने जातात.

पण एक जवळची वाट होती. कित्येक देशांनी आपापसांत चोवीस तास फोन उचलणारे संपर्क अधिकारी नेमले आहेत. नोंदी आत्ता देऊ नका, फक्त पुसू देऊ नका, एवढं त्यांच्याकडे मागता येतं. हे मी फक्त वाचलेलं. बोटं नुसती शिवशिवत होती. अर्ध्या तासात तीन पानं लिहिली, दर परिच्छेदात 'सायबर दहशतवाद'.

अधिकाऱ्यांनी ती शांतपणे वाचली. "वकीलबाई, दहशतवाद म्हणजे काय यावर जगाचं अजून एकमत नाही. ते एकमत आज त्या परदेशी अधिकाऱ्यांकडून करून घ्यायचंय का?"

मी ओशाळले, पण लगेच लख्ख कळलं. संगणकात बेकायदा शिरणं, रुग्णालय बंद पाडणं, धमकावणं हे त्यांच्याही कायद्यात गुन्हेच होते. मी तो शब्द खोडला, घडलं तेवढंच लिहिलं. एक पान झालं. दिल्लीतल्या आपल्या संपर्क अधिकाऱ्यांमार्फत ते बाराच्या आत गेलं.

चारला उत्तर आलं: नोंदी राखून ठेवल्या आहेत. चहा तसाच टाकून मी व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले.

"आता विनंतीपत्र घ्या लिहायला," तपास अधिकारी म्हणाले. "ते लांबलचक चालेल."

सात महिन्यांनी नोंदी हातात आल्या आणि तिकडे दोघांना अटक झाली. रुग्णालय मात्र तिसऱ्याच दिवशी सुरू झालं होतं. तिथल्या संगणक विभागातल्या बाई दर शुक्रवारी सगळ्या माहितीची एक प्रत काढून कपाटात कुलूपबंद ठेवायच्या, तीच कामी आली. त्यांना मी मुद्दाम भेटायला गेले. लोक त्यांना त्यावरून हसायचे म्हणे.